‘उत्स्फूर्त’ साखर

स्थिर तापमान व दाबाला गिब्जच्या मुक्त ऊर्जेतील बदल ऋण असेल, तर अभिक्रिया ‘उत्स्फूर्त’ ठरते. आम्हा साहित्याच्या अध्यापकांना हा शब्द खटकतो. काव्यचर्चेत उत्स्फूर्त म्हणजे क्षणात उसळून आलेले. रसायनात तो केवळ दिशा सांगतो, वेग नव्हे. सांगली-साताऱ्याच्या कारखान्यांत उसाच्या रसातील साखर फुटून ग्लुकोज-फ्रुक्टोज होणे याच अर्थाने उत्स्फूर्त. आम्लात ते झपाट्याने घडते. रसात घातलेला चुना, रस निवळवण्याबरोबरच, ही चाल मंदावतो. दिशा पालटत नाही. पोत्यातली साखर तर ह्या न्यायाने हवेत जळून जायला हवी, पण ती वर्षानुवर्षे स्वस्थ पडून असते! मराठीतून विज्ञान शिकणारा विद्यार्थी इथेच चकतो. (इंग्रजी शब्दही कमी फसवा नाही.) पाठ्यपुस्तकांनी ‘स्वयंप्रवण’ स्वीकारावा, असे आम्ही सुचवतो; ‘प्रवण’मध्ये उताराचा अर्थ मुळातच आहे.