विदेशी वैद्यकीय पदवीधरांना हिंगोलीतच आंतरवासिता मिळण्याबाबत निवेदन

प्रति,
मा. मंत्री, वैद्यकीय शिक्षण, महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई
द्वारा : मा. जिल्हाधिकारी, हिंगोली

विषय : एफएमजीई उत्तीर्ण पदवीधरांना ठरलेल्या मुदतीत आंतरवासितेची जागा देणे आणि त्यासाठी हिंगोलीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय खुले करणे.

महोदय,

रशिया, युक्रेन, जॉर्जिया, किर्गिझस्तान, फिलिपिन्स या देशांत वैद्यकीय शिक्षण पूर्ण करून परतलेल्या पदवीधरांच्या वतीने आम्ही हे निवेदन देत आहोत. या मुलामुलींपुढे निवासी डॉक्टर होण्याचा, म्हणजे पदव्युत्तर प्रवेशाचा, एकच रस्ता आहे. आधी एफएमजीई ही विदेशी पदवीधरांची चाळणी परीक्षा उत्तीर्ण व्हायची, मग महाराष्ट्र वैद्यक परिषदेची तात्पुरती नोंदणी घ्यायची, मग येथे आंतरवासिता पूर्ण करायची आणि त्यानंतर कायम नोंदणी व नीट-पीजी. यातल्या परीक्षा विद्यार्थ्याच्या हातात आहेत, त्या तो अभ्यास करून देतो. आंतरवासितेची जागा मात्र त्याच्या हातात नाही, ती शासनाच्या यंत्रणेने द्यायची असते. आमचे म्हणणे या एका टप्प्यापुरतेच आहे, कारण पुढचे सगळे इथेच अडते.

जागा मिळायला चार-सहा महिने इकडेतिकडे झाले तर काय बिघडते, असे वरवर पाहणाऱ्याला वाटेल. बिघडते ते असे. एफएमजीईचे डिसेंबर सत्र प्रत्यक्षात जानेवारीत होते. 2025 मध्ये ती परीक्षा 12 जानेवारीला झाली आणि निकाल त्याच महिन्यात लागला. नीट-पीजीसाठी आंतरवासिता पूर्ण असण्याची अंतिम तारीख 2024 मध्ये 15 ऑगस्ट होती, 2025 मध्ये 31 जुलै. जानेवारीत उत्तीर्ण झालेल्याला मार्चपर्यंत जागा मिळाली, तर त्याची बारा महिन्यांची आंतरवासिता पुढच्या मार्चमध्ये संपते आणि तो त्या वर्षीच्या परीक्षेला निर्धास्त बसतो. तीच जागा ऑगस्टच्या उत्तरार्धात मिळाली, तर आंतरवासिता अंतिम तारखेनंतर संपते आणि संधी थेट त्याच्या पुढच्या वर्षावर जाते. कागदावर पाच महिन्यांचा दिसणारा उशीर उमेदवाराच्या आयुष्यातले पूर्ण वर्ष घेतो. कोरोनामुळे किंवा फेब्रुवारी 2022 मध्ये युक्रेनमध्ये सुरू झालेल्या युद्धामुळे ज्यांना ऑनलाइन शिकावे लागले, त्यांच्यापैकी अनेकांची आंतरवासिता आधीच दोन, काहींची तीन वर्षांची झाली आहे. त्यांच्या वाट्याला आणखी एक वर्ष टाकणे कोणत्याही नियमाचा उद्देश असू शकत नाही.

आता हिंगोलीकडे पाहावे. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन 9 ऑक्टोबर 2024 रोजी राज्यातील इतर नऊ महाविद्यालयांसोबत झाले. प्रवेशक्षमता 100. साडेचार वर्षांचा अभ्यासक्रम लक्षात घेता पहिल्या तुकडीचे विद्यार्थी 2029 पूर्वी आंतरवासितेला येणार नाहीत. तोवर रुग्णालय आहे, रुग्ण आहेत, पण स्वतःच्या महाविद्यालयाचा एकही इंटर्न नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या 4 मार्च 2022 च्या परिपत्रकाने विदेशी पदवीधरांसाठी मंजूर जागांच्या साडेसात टक्के अतिरिक्त मर्यादा घातली. तो हिशेब लावला तर हिंगोलीच्या वाट्याला जेमतेम सात जागा येतात. जिथे स्वतःचे इंटर्न आधीच आहेत तिथे गर्दी होऊ नये, एवढ्यासाठी ही मर्यादा समजण्यासारखी आहे. जिथे एकही नाही तिथे तिचे प्रयोजन उरत नाही. म्हणून 2029 पर्यंत येथे अधिक जागांची मुभा द्यावी, अशी शिफारस राज्य शासनाने आयोगाकडे करावी, ही आमची मुख्य मागणी आहे. 2011 च्या जनगणनेनुसार पावणेबारा लाख लोकसंख्येचा हा जिल्हा अवघड रुग्णांसाठी आजही नांदेडची वाट धरतो, आणि तेथील शासकीय रुग्णालयावरचा ताण ऑक्टोबर 2023 मधील रुग्णमृत्यूंच्या वेळी साऱ्या राज्याने पाहिला आहे.

यावर आक्षेप येतील, त्यातला पहिला गुणवत्तेचा. एफएमजीईचा निकाल कमी लागतो हे खरेच आहे. जून 2024 च्या सत्रात साधारण पाचांतला एकच उत्तीर्ण झाला. पण आम्ही त्या एकासाठीच बोलत आहोत. 300 पैकी 150 गुणांची ती चाळणी देशानेच लावली, 2018 पासून परदेशी जाण्यापूर्वी नीट-यूजी पात्रताही देशानेच सक्तीची केली. दोन्ही ओलांडून आलेल्याच्या पदवीवर पुन्हा संशय घ्यायचा, तर चाळणीला अर्थ काय? दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे आणि तो आम्ही टाळत नाही : नव्या महाविद्यालयात पुरेसे अध्यापक नसतील, तर इंटर्नला शिकवणार कोण? ज्या विभागात वरिष्ठ अध्यापक नाही तेथे इंटर्न नेमूच नये, त्या फेरीसाठी त्याला नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे. मात्र आंतरवासितेतले 12 आठवडे सामुदायिक वैद्यकशास्त्राचे असतात. ते कळमनुरी, सेनगाव, औंढा नागनाथ, वसमत या तालुक्यांतल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि ग्रामीण भागात होऊ शकतात, आणि तिथे या हातांची गरज कोणीही नाकारणार नाही. तिसरा आक्षेप खर्चाचा. विदेशी पदवीधर इंटर्नना इतरांइतकेच विद्यावेतन द्यावे, हे आयोगाच्या त्याच परिपत्रकात आहे आणि 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तोच पवित्रा घेतला. तेव्हा तो प्रश्न निकाली निघालेला आहे. जिल्ह्याच्या तरतुदीत रक्कम आधीच धरावी, म्हणजे विद्यावेतन रखडणार नाही.

याखेरीज, एफएमजीईच्या निकालानंतर तात्पुरती नोंदणी आणि जागावाटप मिळून साठ दिवसांत पूर्ण होईल असे वेळापत्रक महाराष्ट्र वैद्यक परिषद व वैद्यकीय शिक्षण विभागाने संयुक्तपणे जाहीर करावे आणि प्रत्येक महाविद्यालयातील रिक्त जागांचा तक्ता दरमहा प्रसिद्ध करावा. कागदपत्रांतील त्रुटी एकाच वेळी आणि लेखी कळवाव्यात. एक कागद दिला की दुसरा मागायचा, ही पद्धत थांबावी. कनिष्ठ निवासी डॉक्टरांच्या तात्पुरत्या पदांची जाहिरात निघेल तेव्हा कायम नोंदणी असलेले विदेशी पदवीधर पात्र आहेत, असे तीत स्पष्ट लिहावे. नीट-पीजीची तयारी करताना त्यांना काम मिळेल आणि हिंगोलीच्या वॉर्डांना डॉक्टर.

जिल्हाधिकारी महोदयांनी हे निवेदन आपल्या अभिप्रायासह मंत्रालयाकडे पाठवावे. एफएमजीईच्या पुढील निकालापूर्वी झालेली कार्यवाही आम्हाला लेखी कळवावी, ही विनंती.

आपले विश्वासू,
विदेशात वैद्यकीय शिक्षण घेतलेले पदवीधर व पालक, जिल्हा हिंगोली

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी :
मा. निबंधक, महाराष्ट्र वैद्यक परिषद, मुंबई
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, हिंगोली