शेतकरी कंपनी काढली, पण सरकारकडं ताळेबंद भरला का?

नाशिक : जिल्ह्यात आज जवळपास प्रत्येक तालुक्यात शेतकरी उत्पादक कंपन्या आहेत. केंद्राने २०२० मध्ये दहा हजार एफपीओंची योजना आणली आणि नोंदणीला जोर आला. या योजनेत व्यवस्थापन खर्चासाठी एका कंपनीला तीन वर्षांत कमाल १८ लाख रुपये मिळतात. तोवर कागदपत्रं बघायला संस्था असते, सीएची फी निघते. मदत संपली की सगळा भार संचालकांवर येतो, आणि खरी अडचण तिथूनच सुरू होते.

"यंदा धंदाच झाला नाही, मग हिशोब कसला भरायचा?" असं बरेच संचालक म्हणतात. हा गैरसमज महागात पडतो. विकास सोसायटी सहकार कायद्याखाली येते. तुमची कंपनी मात्र कंपनी कायदा २०१३ खाली येते. उलाढाल शून्य असली तरी दरवर्षी ऑडिट, वार्षिक सभा आणि कंपनी निबंधकाकडं (आरओसी) कागद भरणं चुकत नाही.

दंड किती?

मुख्य फॉर्म दोन. एओसी-४ मध्ये ताळेबंद आणि नफा-तोटा पत्रक जातं. एमजीटी-७ मध्ये सभासद, संचालक, शेअर यांची माहिती जाते. मुदत टळली की प्रत्येक फॉर्मला रोज १०० रुपये जादा शुल्क लागतं. दोन्ही मिळून रोजचे २०० आणि वर्षाचे ७३ हजार. कंपनीचं भागभांडवलच लाखभर असेल तर काय उरलं?

सलग तीन वर्षं कागद भरले नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र ठरतो. ही नुसती भीती नाही. २०१७ मध्ये देशात दोन लाखांवर कंपन्यांची नोंदणी रद्द झाली आणि तीन लाखांच्या आसपास संचालक अपात्र ठरले. "मी फक्त नावाला संचालक आहे" हे उत्तर कायद्यात चालत नाही.

सभासदाने काय बघायचं?

वार्षिक सभेची लेखी नोटीस किमान १४ दिवस आधी यायला हवी आणि सोबत ऑडिट झालेला ताळेबंद द्यायला हवा. तो हातात आला की चार गोष्टी बघा.

१. येणे बाकी : समजा कंपनीने व्यापाऱ्याला २० लाखांचा कांदा उधार दिला. पत्रकात नफा दिसेल, पण बँकेत पैसा नसेल. उधारी किती आणि किती जुनी, ते विचारा.

२. देणी : बँकेचं कर्ज किती, शेतकऱ्यांचं पेमेंट किती अडकलंय?

३. संचालकांशी व्यवहार : माल किंवा गाडीभाडं कुणा संचालकाच्या घरच्याच फर्मला गेलंय का?

४. ऑडिटरचा शेरा : हिशोबात खोट असली तर ती इथं लिहिलेली असते. हे पान वाचल्याशिवाय हात वर करू नका.

सभेला एकूण सभासदांपैकी किमान एक चतुर्थांश हजर लागतात. घरी बसून सही देऊ नका. शेअर कितीही असले तरी प्रत्येक सभासदाला एकच मत असतं.

कागद नीट तर पैसा येतो

दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीची सह्याद्री फार्म्स ही शेतकऱ्यांचीच कंपनी. २०२२ मध्ये तिच्या प्रक्रिया व्यवसायात युरोपातल्या गुंतवणूकदारांनी ३१० कोटी रुपये गुंतवले. एवढा पैसा घालणारा माणूस आधी मागच्या वर्षांचे ताळेबंद मागतो. गावातली बँकसुद्धा पाच-दहा लाखांचं कर्ज देताना तेच मागते.

वार्षिक सभा साधारण ३० सप्टेंबरच्या आत होते. यंदा सभेत एकच साधा प्रश्न विचारा : मागच्या वर्षीचे दोन्ही फॉर्म कधी भरले, त्याची पावती दाखवा. भरले असतील तर पावती दाखवायला दोन मिनिटं लागतात. पावती नसेल तर दंडाचं मीटर चालू आहे, आणि ते पैसे तुमच्याच भांडवलातून जाणार.