लिटरचे माप आणि किलोमीटरचा हिशेब

निफाडचा पारा दहा अंशांखाली उतरला की द्राक्षबागांत पहाटे शेकोट्या पेटू लागतात, आणि नाशिक शहरात गाडी ‘ॲव्हरेज’ देत नसल्याची तक्रार ऐकू येऊ लागते. अलीकडे या तक्रारीत पेट्रोलमधील इथेनॉलचीही भर पडली आहे. कोणी सारा दोष थंडीला देतो, तर कोणी इथेनॉलला. वस्तुतः दोन्ही कारणे खरी आहेत. तथापि त्यांचे स्वरूप भिन्न आहे, आणि तो भेद ध्यानात घेतल्याखेरीज ग्राहकाला आपली मागणी नेमकेपणाने मांडता येणार नाही.

प्रथम थंडीचा विचार करू. गार इंजिनात पेट्रोलची वाफ नीट होत नाही, म्हणून सुरुवातीला अधिक इंधन सोडावे लागते. जुन्या स्कूटरचा चोक ओढावा लागे तो याचसाठी. नव्या गाड्यांत तेच काम आपोआप होते. ऑइल घट्ट झाल्याने घर्षण वाढते. तपमान दहा अंशांनी उतरले की टायरमधील हवेचा दाब सुमारे दोन पौंडांनी घटतो. अमेरिकन सरकारच्या माहितीनुसार, उणे सात अंश तपमानात शहरातील मोटारीचे मायलेज पंचवीस अंशांच्या तुलनेत सुमारे १५ टक्क्यांनी कमी भरते. आपली थंडी तितकी कडक नाही. येथे नुकसान होते ते मुख्यतः पहिल्या काही किलोमीटरांत; म्हणजे सिडकोतून सातपूरला जाऊन थांबणाऱ्या गाडीला ते जाणवते, मुंबईला जाणाऱ्या गाडीला फारसे नाही. शिवाय फेब्रुवारी सरला की हे नुकसान आपोआप थांबते.

इथेनॉलचे तसे नाही. एक लिटर इथेनॉलमध्ये तेवढ्याच पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश उष्णता असते. वीस टक्के मिश्रणात पेट्रोलचा एक-पंचमांश भाग इथेनॉलने व्यापला, तर लिटरमागे सुमारे एक-पंधरांश, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आसपास उष्णता घटते. इथेनॉलचा ऑक्टेन अंक अधिक असल्याने, त्यासाठीच बांधलेले इंजिन यातील काही भाग भरून काढते. जुन्या इंजिनाला ते साधत नाही. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच ही घट नोंदविली आहे: इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी रचलेल्या आणि दहा टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या मोटारींत ६ ते ७ टक्के, तशाच दुचाकींत ३ ते ४ टक्के, आणि वीस टक्के मिश्रणासाठी जुळविलेल्या नव्या मोटारींत अवघी १ ते २ टक्के. म्हणजे ज्याची गाडी जुनी, त्याच्यावर भार अधिक.

या प्रयोगाशी आपल्या जिल्ह्याचा संबंध जुना आहे. २००१ साली पाच टक्के मिश्रणाचे पहिले प्रायोगिक प्रकल्प देशात तीन ठिकाणी हाती घेण्यात आले, त्यांत मिरजेबरोबर मनमाडही होते. २०२२ साली देशाने दहा टक्क्यांचा टप्पा गाठला आणि २०२५ साली वीस टक्क्यांचा. पहिल्या वीस वर्षांत जे घडले नाही ते पुढील तीन वर्षांत घडले. रस्त्यावरील गाड्या मात्र त्या वेगाने बदललेल्या नाहीत, आणि बदलणे मध्यमवर्गाच्या आवाक्यातही नाही.

आता हिशेब पाहू. महिन्याला वीस लिटर पेट्रोल जाळणाऱ्या दुचाकीचे मायलेज चार टक्क्यांनी घटले, तर तेवढ्याच अंतरासाठी सुमारे पाऊण लिटर अधिक लागते. लिटरचा भाव शंभर रुपयांहून अधिक असताना वर्षाकाठी हजार रुपयांच्या घरात हा भुर्दंड जातो. महिन्याला चाळीस लिटर घेणाऱ्या जुन्या मोटारीला सहा टक्के घटीने तो तीन हजारांवर पडतो. पंपावरील भावाच्या पाटीवर यातले काहीही दिसत नाही. ग्राहक लिटरचे पैसे मोजतो, परंतु त्याला हवे असतात ते किलोमीटर. माप तेच ठेवून आतील कस कमी करणे ही अर्थशास्त्राच्या भाषेत भाववाढच होय. भरीस भर म्हणजे राज्याचा मूल्यवर्धित कर विक्रीवर असल्याने, अधिक लिटर घेणारा करही अधिक भरतो.

धोरणाची दुसरी बाजू नाकारण्याचे कारण नाही. देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक तेल आयात होते. मिश्रणामुळे परकीय चलन वाचते, साखर कारखान्यांना आधार मिळतो, मक्याला मागणी येते. इथेनॉलची सरासरी खरेदी किंमत जुलै २०२५ अखेर लिटरला ७१ रुपये ३२ पैसे होती आणि ती शुद्ध केलेल्या पेट्रोलच्या खर्चाहून अधिक असल्याने भाव उतरविता येत नाही, असे सरकारचे म्हणणे आहे. पण प्रश्न मूळ किमतीचा नसून करांचा आहे. घटलेल्या मायलेजची भरपाई म्हणून ग्राहकाला करसवलत देण्याचा विचार व्हावा, हे नीती आयोगाच्या त्याच अहवालात सुचविलेले आहे. अहवालातील उद्दिष्ट स्वीकारायचे आणि त्यातील भरपाई विसरायची, हा व्यवहार न्याय्य नव्हे.

ब्राझीलने १९७५ पासून हा मार्ग चोखाळला. तेथे निव्वळ इथेनॉलवरील गाड्या थंडीत सुरू होत नसत, म्हणून त्यांना पेट्रोलची छोटी टाकी जोडावी लागे. तेथेही पेट्रोलमध्ये इथेनॉल सक्तीने मिसळले जाते. परंतु निव्वळ इथेनॉल वेगळ्या भावाने मिळते, आणि त्याचा भाव पेट्रोलच्या सत्तर टक्क्यांखाली असेल तरच ते घ्यावे, हा ठोकताळा तेथील सामान्य वाहनचालकालाही पाठ आहे. उष्णता कमी तर किंमत कमी, हे तत्त्व तेथे बाजारानेच शिकविले.

आपल्याकडे इथेनॉलविरहित पेट्रोलचा पर्याय मागणारी याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. तेव्हा उत्तर आता शासनाकडूनच यावयास हवे. मिश्रणाचे प्रमाण प्रत्येक पंपावर ठळक लिहिलेले असावे, आणि उष्णतेतील घटीइतकी करसवलत भावात उतरावी, एवढी ही मागणी आहे. थंडीचा भार ग्राहकाने मुकाट्याने सोसावा, कारण तो ऋतूचा आहे. इथेनॉलचा भार धोरणाचा आहे; राष्ट्रहितासाठी तो पत्करायचा, तर त्याची वाटणीही राष्ट्रानेच करावी.