सोलर लावा, पण आधी छत तपासा!

सध्या सगळीकडे सोलरचे वारे आहे. नागपूरच्या मेट्रो स्टेशनांवर पॅनेल दिसतात, घरांसाठी २०२४ पासून पीएम सूर्यघर योजना आहे, आणि आपल्या कुही-मांढळकडे राईस मिलवाले, गोडाऊनवालेही सोलरचा विचार बोलून दाखवतात. छानच आहे! पण कोटेशनमध्ये किलोवॅट, युनिट, पैसे किती वर्षांत वसूल, हे सगळे असते. छताबद्दल मात्र बरेचदा एकच वाक्य: "साइट पाहिली, ओके आहे." माझ्या मते एवढ्यावर सही करू नये.

सगळे विचारतात, "छताला वजन पेलेल का?" हा प्रश्न बरोबर आहे, पण अर्धाच आहे. साधारण ५५० वॉटचे पॅनेल २८ किलोच्या आसपास असते आणि अडीच चौरस मीटर जागा घेते. स्टँडसकट धरले तरी चौरस मीटरला १५ ते २० किलो. आयएस ८७५ प्रमाणे ज्या सपाट छतावर कोणी जात नाही तेसुद्धा चौरस मीटरला ७५ किलोच्या लाइव्ह लोडसाठी डिझाइन करायचे असते.

खरी भीती वाऱ्याची आहे. त्याच कोडमध्ये नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर दिला आहे. ०.६ गुणिले वेगाचा वर्ग केला की चौरस मीटरला जवळजवळ ११८ किलोइतका दाब येतो, म्हणजे एका पॅनेलवर ३०० किलो! उंची, आजूबाजूची झाडे, पॅनेलचा तिरकसपणा यांप्रमाणे हा आकडा बदलतो, पण मुद्दा कळतो. २८ किलोची वस्तू स्वतःच्या वजनावर बसून राहत नाही. बाजूने उघड्या शेडमध्ये तर वारा आत शिरून छत खालून ढकलतो आणि वरून ओढतोही.

२०१७ मध्ये मारिया वादळ पोर्तो रिकोवर आले तेव्हा बऱ्याच ठिकाणी पॅनेल उडाले. पुढच्या वर्षीच्या अभ्यासात दोष निघाला तो ढिले बोल्ट आणि कमजोर क्लॅम्प यांचा. एक क्लॅम्प सुटला की शेजारचे पॅनेलही मोकळे होते. तिथल्याच सान हुआनमधल्या एका हॉस्पिटलच्या छतावरची ६४५ किलोवॅटची यंत्रणा मात्र वादळानंतरही चालू राहिली. वादळ तेच, फरक बांधणीचा!

मग तपासणी कोणती निवडावी? टिनाचे शेड असेल तर कैच्या, पर्लिन, वेल्डिंग, खांबांचे अँकर बोल्ट मोजून गणित करावे. ("कैची" म्हणजे ट्रस. कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे हा शब्द मला वेल्डिंगवाल्या काकांकडून कळला.) पत्र्याचे वयही बघावे. पॅनेल २५ वर्षांचे आणि पत्रा दहा वर्षांत गंजणार असेल तर सगळे उतरवून पुन्हा चढवावे लागेल. स्लॅब असेल तर आधी ड्रॉइंग शोधावे. ड्रॉइंग नसेल, पोपडे निघाले असतील, सळई दिसत असेल, तर रिबाउंड हॅमर, अल्ट्रासॉनिक, गरज पडल्यास कोअर काढून टेस्ट करावी. तरीही शंका राहिली तर आयएस ४५६ मधली लोड टेस्ट आहे: डेड लोडशिवाय लाइव्ह लोडच्या सव्वापट भार २४ तास ठेवायचा, आणि काढल्यावर पुढच्या २४ तासांत स्लॅबचा झोल ७५ टक्के तरी परत यायला हवा.

कोणी म्हणेल, छोट्या मिलवाल्याला एवढा खर्च परवडेल का? पण प्रत्येक छताला सगळ्या टेस्ट लागतच नाहीत. मोजमाप आणि गणित हे प्रत्येकाने करावे, महागड्या टेस्ट शंका आली तरच. आणि तपासणारा इंजिनिअर मालकाने स्वतः नेमावा. माल विकणाऱ्यानेच छत पास करायचे म्हणजे आपणच आपला पेपर तपासण्यासारखे! रिपोर्ट "नाही" आला तरी सोलर संपत नाही. पर्लिन वाढवता येतात, अंगणात जमिनीवर पॅनेल लावता येतात.

आपल्या भागात मिरचीच्या सातऱ्यावर डेठ खुडणाऱ्या बाया असतात. मे-जूनमध्ये वावटळ आली, पाऊस आला की त्या जवळच्या शेडखालीच धावतात. त्या शेडवर पॅनेल असतील तर "ओके आहे" म्हणणाऱ्याला त्यांचा विचार करावाच लागेल.

आमच्या सरांना आणि मॅडमना एक विनंती. फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी दरवर्षी तेच ते विषय घेण्यापेक्षा कुही तालुक्यातली दहा शेड निवडून, मालकांची परवानगी घेऊन मोजायला द्या. सही अनुभवी इंजिनिअरची असू दे, टेप आम्ही धरू. उद्या आमच्यातलेच कोणी अशा रिपोर्टवर सही करणार आहे. छत न मोजता ती सही करायची नसते, हे इथेच शिकलेले बरे.