सुदर्शन चक्र नागोठण्यावर फिरणार का?

गेल्या शनिवारी नागोठण्याला घरी गेलो होतो. हायवेबद्दल काही लिहीत नाही, उगाच बीपी वाढतं. संध्याकाळी शेजारचे नाना ओटीवर येऊन बसले. नाना म्हणजे कॉम्प्लेक्समधून रिटायर झालेले, पेपर शेवटच्या पानावरच्या टेंडर नोटिशीपर्यंत वाचणारे. बसल्या बसल्या त्यांनी मला गाठलं.

"काय रे, तू कॉम्प्युटरवाला ना? ते सुदर्शन चक्र आपल्यावर पण फिरणार की नुसतं मुंबईवर?"

आधी हसू आलं. पण प्रश्न काही येडबंबू नव्हता. मे २०२५ मध्ये केंद्राने देशभर मॉक ड्रिल जाहीर केली, तेव्हा नागरी संरक्षणाच्या यादीत महाराष्ट्रातली १६ ठिकाणं होती. पहिल्या वर्गात मुंबई, उरण, तारापूर. आणि दुसऱ्या वर्गात ठाणे, पुण्याबरोबर चक्क रोहा-धाटाव-नागोठणे! ऑफिसात अर्ध्या लोकांना माझ्या गावाचं नाव उच्चारता येत नाही, आणि दिल्लीच्या यादीत मात्र ते आहे. कारण उघड आहे, गॅस क्रॅकर. मुंबईपासून सरळ रेषेत आम्ही जेमतेम पन्नास-पंचावन्न किलोमीटर.

सुदर्शन चक्राची घोषणा पंतप्रधानांनी १५ ऑगस्ट २०२५ ला लाल किल्ल्यावरून केली. २०३५ पर्यंत महत्त्वाच्या लष्करी आणि नागरी ठिकाणांना कवच, अगदी हॉस्पिटल, रेल्वे, देवस्थानंसुद्धा. तिकडे ट्रम्प साहेबांनी त्याच वर्षी मे महिन्यात 'गोल्डन डोम' जाहीर केला, १७५ अब्ज डॉलरचा. सध्या जगात ढालींचा सीझन चालू आहे.

पण ढाल ही गोष्ट दिसते तितकी साधी कधीच नव्हती. रेगन यांनी १९८३ मध्ये 'स्टार वॉर्स' काढलं, तेव्हा आपण त्याच्या विरोधात होतो. १९८५ च्या दिल्ली जाहीरनाम्यात राजीव गांधी आणि आणखी पाच देशांचे नेते अंतराळातली शस्त्रस्पर्धा बंद करा म्हणून सांगत होते. आणि मे २००१ मध्ये धाकट्या बुश यांनी पुन्हा तीच क्षेपणास्त्रविरोधी ढाल पुढे केली तेव्हा? अमेरिकेचे युरोपातले मित्रसुद्धा नाकं मुरडत होते, आणि आपल्या परराष्ट्र खात्याने लगोलग स्वागत करून टाकलं. सोळा वर्षांत फिजिक्स बदललं नव्हतं. बदललं होतं ते राजकारण. १९९८ च्या पोखरणनंतरचे निर्बंध अजून उठायचे होते आणि वॉशिंग्टनचं दार ठोठवायला एक विषय हवा होता. पुढे २००४ आणि २००५ मध्ये अमेरिकेशी जे कागद झाले, त्यात क्षेपणास्त्र संरक्षण हा शब्द आहेच. मी याला चूक म्हणत नाही, तेव्हाच्या सरकारने फासे बरे टाकले. फक्त त्याला 'जनतेचं संरक्षण' म्हणू नये इतकंच.

आपला स्वतःचा कार्यक्रम खोटा नाही, हेही सांगायला पाहिजे. नोव्हेंबर २००६ मध्ये डीआरडीओने समोरून येणारं क्षेपणास्त्र सुमारे ५० किलोमीटर उंचीवर पाडलं, डिसेंबर २००७ मध्ये दुसऱ्या क्षेपणास्त्राने १५ किलोमीटरवर. गोळीने गोळी फोडण्याचा प्रकार आहे, ज्यांनी केलं त्यांना सलाम. २०१२ मध्ये तेव्हाचे प्रमुख व्ही. के. सारस्वत म्हणाले की पहिला टप्पा तयार आहे, आधी दिल्ली आणि मुंबई. दुसऱ्या टप्प्याच्या चाचण्या २०२२ आणि २०२४ मध्येही चालूच होत्या. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही याला 'डेमो झाला, रिलीज बाकी' म्हणतो :-)

इथे माझ्यातला इंजिनिअर जागा होतो. २५ फेब्रुवारी १९९१, आखाती युद्ध, सौदी अरेबियातलं धाहरान. तिथलं पॅट्रियट घड्याळ सेकंदाच्या दहाव्या भागात मोजत होतं. आता ०.१ हा आकडा बायनरीत पूर्ण मावत नाही, कॉलेजात आपण सगळ्यांनी घोकलंय. २४ बिटांच्या रजिस्टरमध्ये शेपूट कापलं जायचं. चूक नगण्य, पण यंत्रणा साधारण १०० तास सलग चालू होती आणि साठत साठत चूक झाली ०.३४ सेकंद. एवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून जास्त पुढे जातं. पॅट्रियटने आकाशाच्या चुकीच्या तुकड्यात पाहिलं, तिथे काहीच नव्हतं. २८ सैनिक गेले. दुरुस्त केलेलं सॉफ्टवेअर तिथे पोचलं दुसऱ्या दिवशी.

डेव्हिड पार्नास या संगणकशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये स्टार वॉर्सच्या सल्लागार समितीचा राजीनामा दिला तो नेमक्या याच मुद्द्यावर. अशा सॉफ्टवेअरची खरी टेस्ट फक्त खऱ्या युद्धात होते आणि पहिल्याच रनला ते बरोबर चालावं लागतं. माझा एकही प्रोग्रॅम पहिल्या रनला बरोबर चाललेला नाही. तुमचा?

आता दुसरी बाजू. माझा एक मित्र म्हणतो, ढाल शंभर टक्के चालायची गरजच नाही, शत्रूच्या मनात शंका आली तरी पुरे. ऐकायला ठीक आहे. पण शंका आली की शत्रू थांबतो की जास्त बाण घेतो? जानेवारी २०१७ मध्ये पाकिस्तानने अबाबीलची चाचणी केली, एका क्षेपणास्त्रावर अनेक अण्वस्त्रं. आणि त्यांनी कारण स्वच्छ सांगितलं, या भागात वाढत चाललेली क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा. म्हणजे आपण ढाल दाखवली, त्यांनी भाता मोठा केला. तसली अग्नी-५ आपणही मार्च २०२४ मध्ये उडवली, ती अर्थात नुसती पाकिस्तानसाठी नव्हे.

आणि ढालीची तलवार व्हायला किती वेळ लागतो? मार्च २०१९ च्या 'मिशन शक्ती'त आपण उपग्रह पाडला तो याच कार्यक्रमातल्या इंटरसेप्टरच्या भावंडाने. घोषणा खुद्द पंतप्रधानांनी केली, लोकसभेची आचारसंहिता लागू असताना. असो.

मला विचाराल तर दिल्लीवरच्या ढालीला तर्क आहे. आपण अण्वस्त्र आधी वापरणार नाही असं म्हणतो, म्हणजे पहिला घाव आपल्यावर पडणार हे धरलेलं आहे. त्यानंतर उत्तर देण्याचा हुकूम द्यायला कोणीतरी जिवंत हवं. ती माणसं दिल्लीत बसतात. ढाल त्यांच्यासाठी आहे आणि ते योग्यच आहे. मुंबईला मात्र हा तर्क लागू पडत नाही. मुंबई यादीत आहे कारण मुंबई नाही असं म्हणणं कुठल्याच सरकारला परवडणार नाही. कराचीहून सुटलेलं क्षेपणास्त्र दहा मिनिटांच्या आसपास इथे असेल, आणि दोन कोटी माणसांच्या डोक्यावर एकही चुकून चालत नाही.

मे २०२५ मध्ये आपलं हवाई संरक्षण उत्तम चाललं हे खरं. रशियाशी २०१८ मध्ये केलेल्या ५.४३ अब्ज डॉलरच्या करारातल्या एस-४०० चं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं. पण ८ मेच्या रात्री जे तीन-चारशे ड्रोन आले, ते पाडण्यात एल-७० सारख्या जुन्या तोफाही होत्या. स्वस्त वस्तूला स्वस्त उत्तर. यावर हवा तेवढा पैसा घाला, माझा टॅक्स आनंदाने घ्या. शहरावरचं अभेद्य छत्र विकू नका.

नानांना यातलं बरंचसं सांगितलं. ते ऐकत होते, मध्येच अंबेच्या दिशेला बघत होते. जुलै १९८९ चा पूर त्यांनी छपरावर बसून काढलाय. नोव्हेंबर १९९० मध्ये कॉम्प्लेक्समध्ये वायुगळती होऊन स्फोट झाला, तीसहून जास्त माणसं गेली, त्यातले काही त्यांच्या ओळखीचे होते.

"ते सगळं असू दे," नाना म्हणाले. "२०३५ ला मी असेन-नसेन. उद्या भोंगा वाजला तर कुठल्या बाजूला पळायचं, ते सांग."

मी पुण्यात जगभरच्या बँकांसाठी डिझास्टर रिकव्हरीची डॉक्युमेंट्स लिहितो. नानांना सांगता येईल असं एक वाक्य माझ्याकडे नव्हतं. आईने तेवढ्यात चहा आणला.