शस्त्रक्रिया झाली, रुग्णाला शहाणे कोण करणार?

पित्ताशयातील खड्यांचे दुखणे घेऊन आमची माणसे कऱ्हाडला जातात, मिरजेला जातात. सातारा, सांगली जिल्ह्यांतील गोरगरिबांना ही नावे नवी नाहीत. मिरजेत डॉ. वानलेस यांनी १८९४ साली मिशन हॉस्पिटल उभे केले, तेव्हापासून मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव. डॉक्टरांच्या हाताबद्दल आमची तक्रार नाही. आमचा प्रश्न शस्त्रक्रियेनंतरचा आहे. घरी आलेल्या माणसाने काय खायचे, काय उचलायचे नाही, कशाला घाबरायचे आणि कशाला नाही, हे त्याला कोणी सांगितले?

पूर्वी पोट उघडून पित्ताशय काढत. रुग्ण कितीतरी दिवस वॉर्डात असे आणि सिस्टरच्या नजरेखाली उठे, चालू लागे. १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी दुर्बिणीने पित्ताशय काढले आणि देशात नवे पर्व सुरू झाले. आता तीन-चार छोटी छिद्रे आणि बहुतेक रुग्ण एक-दोन दिवसांत घरी. विज्ञानाची ही मोठी देणगी आहे. पण वॉर्डात होणारी देखभाल त्यामुळे घरावर आली, आणि घराला मात्र कोणी शिकवले नाही. हाती पडतो तो डिस्चार्जचा कागद, बहुधा इंग्रजीत.

मग अज्ञान आपले काम करते. पित्ताशय काढले म्हणजे अन्न पचणारच नाही, या धास्तीने बाई महिनाभर पेजेवर राहते. वास्तविक पित्त यकृतात तयार होते. पित्ताशय ही ते साठवण्याची पिशवी. ती गेली तरी पचन चालते. शस्त्रक्रियेच्या वेळी पोटात वायू भरतात, त्यामुळे दोन-तीन दिवस खांदा दुखू शकतो. घरच्यांना वाटते, बाहेरचे काही झाले. भगताला बोलावणे जाते. उलट ताप, डोळे पिवळे होणे, वाढती पोटदुखी, थांबत नसलेल्या उलट्या, जखमेतून पू ही खरी धोक्याची लक्षणे. ती दिसताच दवाखाना गाठायचा असतो. तेव्हा मात्र अंगारा लावून दोन दिवस घालवले जातात. ते दोन दिवस जीव घेऊ शकतात.

हे सारे दहा मिनिटांच्या व्हिडिओत दाखवता येते. नर्सिंगच्या पदव्युत्तर विद्यार्थिनी प्रबंधासाठी असे व्हिडिओ तयार करतात, रुग्णांना दाखवतात, आधी किती माहीत होते आणि नंतर किती कळले हे मोजतात. पदवी मिळते आणि बहुतेक वेळा व्हिडिओ कपाटात जातो. आमचे म्हणणे एवढेच, की तो कपाटातून वॉर्डात यावा आणि वॉर्डातून रुग्णाच्या मोबाईलमध्ये जावा.

ज्याला अक्षर नाकारले गेले त्याच्यापर्यंत ज्ञान कसे न्यायचे, हे आमच्या चळवळीला कोणी शिकवायला नको. सत्यशोधकी जलशांनी ते केले, भीमराव कर्डकांच्या आंबेडकरी जलशांनी ते केले. डोळ्याने पाहिलेले आणि कानाने ऐकलेले निरक्षर माणूसही विसरत नाही. व्हिडिओ हा आजचा जलसा होऊ शकतो. अट एकच, तो आमच्या माणसाशी बोलला पाहिजे.

म्हणजे कसा? त्यात माणदेशी बाईला कळेल अशी बोली हवी. जतच्या पूर्वभागासाठी तो कानडीतही हवा. त्यात फळांच्या रसाची जाहिरात नको. तेल-तूप, तळण सुरुवातीला कमी; भाकरी, भात, आमटी, पुढे सोसेल तसे उकडलेले अंडे, कमी तेलातली मासळी चालते, हे स्पष्ट सांगावे. शाकाहार म्हणजेच पथ्य, ही उच्चवर्णीय समजूत वैद्यकाच्या नावाने खपवू नये. चालणे-फिरणे लगेच सुरू करायचे, पण पाण्याचा हंडा, सरपणाची मोळी, उसाची मोळी डॉक्टर सांगतील तितके आठवडे उचलायची नाही, हे रुग्णाबरोबर तिच्या नवऱ्याला आणि सासूलाही ऐकवावे. अर्थात बुडालेली मजुरी व्हिडिओ भरून देत नाही. तो लढा वेगळा लढावाच लागेल.

आणखी एक इशारा. पडद्यावर व्हिडिओ लावून परिचारिकांची पदे रिकामी ठेवण्याचा डाव कोणी टाकू नये. व्हिडिओ संपल्यावर शेजारी बसून "बाई, आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर काय करणार?" असे विचारणारी सिस्टर हवीच. शिकवणे आणि शुश्रूषा ही दोन्ही कामे एकाच आयुष्यात करणारी सावित्रीमाई याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावची. १८९७ साली प्लेगच्या रुग्णांची सेवा करतानाच तिने प्राण ठेवला. तिचा वारसा यंत्राच्या हवाली करून भागणार नाही.

राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाच्या २०१८ च्या रुग्णहक्क सनदेने समजेल अशा भाषेत माहिती मिळणे हा रुग्णाचा हक्क मानला आहे. हा हक्क आहे, मेहेरबानी नव्हे. तेव्हा सातारा आणि सांगलीच्या रुग्णालयांकडे कार्यकर्त्यांनी तीन मागण्या कराव्यात: संमतीची सही घेण्यापूर्वी व्हिडिओ दाखवा, घरी सोडताना पुन्हा दाखवून मोबाईलमध्ये द्या, आणि शंका विचारायला एक फोन नंबर द्या. तोवर आपण स्वस्थ का बसावे? रविवारी वंदनेनंतर आपल्या विहारात एखाद्या सिस्टरला बोलवा आणि वस्तीला हे समजावून द्या. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश शाळेच्या दारापुरता नव्हता.

जयभीम!