सर, दुसरा पिचर कुठाय?

आपल्या शहरात 'मी बेसबॉल खेळतो' असं सांगितलं की समोरचा हमखास विचारतो, 'म्हणजे क्रिकेटसारखंच ना?' आमखास मैदानावर क्रिकेटची जी गर्दी असते ती बघता त्याचं काही चुकत नाही. पण शालेय क्रीडा स्पर्धांमध्ये बेसबॉल आहे, सॉफ्टबॉलही आहे, आणि चौदा, सतरा, एकोणीस वर्षांखालची पोरं जिल्ह्यापासून राज्यापर्यंत हा खेळ जीव तोडून खेळतात. मीही खेळलोय. कॅचर होतो. म्हणजे सगळ्या टीमकडे तोंड करून बसलेला एकटा माणूस.

त्या जागेवरून बघितलेली एक मॅच अजून डोक्यातून जात नाही. सतरा वर्षांखालचा गट. सकाळी एक मॅच झालेली, दुपारी दुसरी. स्कोअर ३-३, शेवटची इनिंग. आमचा पिचर सकाळपासून टाकतच होता. किती पिच झाल्या, कुणी मोजल्याच नव्हत्या. सकाळी माझ्या ग्लोव्हमध्ये 'फट्' वाजणारा बॉल आता नुसता येऊन पडत होता. दर पिचनंतर तो हात झटकायचा. मी टाइम मागून सरांकडे पळालो. सर म्हणाले, 'दोनच आऊट राहिलेत. ही काय पिचर बदलायची वेळ आहे का?'

जिंकलो आम्ही. दुसऱ्या दिवशी त्याला शर्टाची बटणं लावता येईनात. पुढच्या स्पर्धेला तो आमच्यासोबत आला, बेंचवर बसला, आणि आम्ही पहिल्याच मॅचला गारद.

अटीतटीच्या मॅचच्या डावपेचांवर आमच्यात वाद होतात ते बंटवरून. पहिल्या बेसवर रनर आहे, आऊट एकही नाही. बंट करून त्याला दुसऱ्या बेसवर सरकवायचं की बॅटरला मोकळेपणी मारू द्यायचं? अमेरिकेतल्या मेजर लीगचे आकडे सांगतात की पहिल्या स्थितीतून इनिंगला सरासरी साधारण ०.९ रन होतात, आणि एक आऊट देऊन रनर दुसऱ्या बेसवर नेला तर ०.७. म्हणजे तोटाच. पण आपल्याकडे बंट उचलून फर्स्ट बेसला फेकलेला बॉल थेट कंपाउंडपर्यंत जातो, त्यामुळे शाळेच्या मॅचमध्ये मला बंट चालतो. असो, टपरीवर यावर दोन कटिंग सहज होतात. पण बॉल कुणाच्या हातात आहे आणि तो हात किती थकलाय, हे मात्र कुणी बोलत नाही.

थकलेला हात म्हणजे नाटक नव्हे. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, हात थकलेला असताना वारंवार पिचिंग करणाऱ्या पोरांवर ऑपरेशनची वेळ येण्याची शक्यता ३६ पट जास्त आढळली. तिथल्या लिटल लीगमध्ये ११-१२ वर्षांच्या पोराला दिवसाला ८५ पिच, १३ ते १६ वर्षांच्याला ९५. त्यानंतर बॉल दुसऱ्याकडे, मग स्कोअर काहीही असो. वनडेत बुमराहलाही दहाच ओव्हर मिळतात की! म्हणूनच कॅप्टन पाचवा बॉलर शोधून ठेवतो. बेसबॉलच्या मूळ नियमांत अशी मर्यादा नाही, ती स्पर्धेनं किंवा कोचनं घालायची असते.

जपानमध्ये २०१९ साली एका शाळेच्या कोचनं ती घातली. रोकी सासाकी हा त्यांचा हुकमी पिचर, शाळेत असतानाच ताशी १६३ किमीनं टाकणारा. आदल्या दिवशी सेमीफायनलला त्यानं १२९ पिच टाकल्या होत्या. फायनल जिंकली की थेट कोशिएन, म्हणजे तिथल्या शाळकरी पोरांचं पंढरपूरच. कोचनं त्याला फायनलमध्ये उतरवलंच नाही. टीम २-१२ अशी हरली. शाळेत तक्रारींचे फोन खणखणले. २०२२ मध्ये त्याच सासाकीनं जपानच्या व्यावसायिक लीगमध्ये परफेक्ट गेम टाकला. २७ बॅटर, एकही बेसवर पोचला नाही.

आमच्या सरांना मी व्हिलन ठरवत नाहीये. नॉकआउट स्पर्धा असते, हरलं की बॅग भरायची. दहावी-बारावीचे सवलतीचे गुण आणि पुढे सरकारी नोकरीतलं ५ टक्के आरक्षण, हे सगळं तुम्ही कुठल्या पातळीपर्यंत पोचलात यावर असतं. नऊ पोरांच्या घरचे डोळे लावून बसलेले असताना नवख्याच्या हातात बॉल द्यायला छाती लागते. माझं म्हणणं इतकंच की ३-३ झाल्यावर दुसरा पिचर शोधला तर तो सापडणारच नाही. तो तयार होतो आपण ९-१ नं पुढे असताना. तेव्हाही आपण हुकमी एक्काच टाकत बसतो, कारण मोठ्ठा विजय पेपरात छान दिसतो. आणि पिच मोजायला मशीन लागत नाही, बेंचवरचा एक पोरगा आणि एक वही पुरते.

आता मी सकाळी ज्युनियर्सना शिकवायला जातो. गेल्या महिन्यात सरावाची मॅच होती. सहावी इनिंग, आम्ही एका रननं पुढे. वहीवाल्या पोरानं आकडा दाखवला, ८४. मी पिचर बदलला. नव्या पोरानं पहिल्याच बॅटरला वॉक दिला. लाइनीपलीकडून एक काका ओरडले, 'ओ कोच, डोकं ठिकाणावर आहे का?' पोरगं माझ्याकडे बघायला लागलं. मी टाळी वाजवली, 'टाक रे, टाक तू.'